हाइमाट कुणाच्या नावावर?

मे 2025 मध्ये जर्मनीत नवं सरकार आलं, खातेवाटप झालं आणि एका शब्दाची बदली झाली. शब्द होता 'हाइमाट'. 2018 साली होर्स्ट झीहोफर यांनी तो गृहमंत्रालयाच्या नावात बसवला होता. पोलीस, सीमा, निर्वासितांचे अर्ज आणि हाइमाट असा तो संसार सात वर्षं चालला. आता हा शब्द शेती आणि अन्न यांच्या मंत्रालयात राहायला गेला आहे. हसण्यासारखीच बदली आहे, पण या शब्दाची जुनी कागदपत्रं चाळली की दोन्ही पत्ते बरोबर वाटू लागतात. दारातून कुणाला आत घ्यायचं आणि शेत कुणाच्या नावावर लावायचं, हे दोन प्रश्न या शब्दाला जन्मापासून चिकटलेले आहेत.

जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाला कोशात 'हाइमाट'समोर 'मायभूमी', 'स्वदेश' असे शब्द भेटतात. ते फार मोठ्या मापाचे आहेत. देशासाठी जर्मनमध्ये 'फाटरलांड' आहे, पितृभूमी. त्याला झेंडा लागतो, सैन्य लागतं. हाइमाट त्याहून लहान: एखादं खोरं, चर्चच्या घंटेचा आवाज जातो तेवढा मुलूख, तिथली बोली, तिथला पाव. मुंबईतला कोकणी माणूस 'गावी जाऊन येतो' म्हणतो, त्यातलं 'गाव' या अर्थाच्या जवळ जातं. भावनेच्या अंगानं 'माहेर' आणखी जवळचं. पण सर्वांत जुळणारा मराठी शब्द मला वाटतो तो 'वतन'. उर्दू कवितेतलं हळवं वतन नव्हे, मराठी दप्तरातलं: हक्क, मान, जमीन आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे तंटे. बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या बोलींमध्ये हाइमाट म्हणजे शेतकऱ्याचं घर आणि त्याखालची जमीनच. थोरल्याला 'हाइमाट मिळायची'. धाकटे मग गडी व्हायचे, शिपाई व्हायचे किंवा अमेरिकेची वाट धरायचे.

कायद्यातही तसंच होतं. 19व्या शतकातल्या जर्मन राज्यांमध्ये माणसाचा 'हाइमाटरेख्ट', म्हणजे हाइमाटचा हक्क, कुठल्या तरी एका गावी असायचा. तो असेल तर म्हातारपणी, आजारपणी, दारिद्र्यात त्या गावानं तुम्हाला पोसायचं. नसेल तर गाव तुम्हाला वेशीबाहेर काढू शकत असे. पोसायची जबाबदारी वाढू नये म्हणून बव्हेरियातल्या ग्रामपंचायती गरिबांना लग्नाचीच परवानगी नाकारत. परिणामी अनौरस मुलं वाढली, आणि नैतिकतेवर प्रवचनं देणारेही तेच पंच. स्वित्झर्लंडमध्ये पिढीजात भटक्यांना, ज्यांचं नाव कुठल्याच गावच्या वहीत नव्हतं त्यांना, 'हाइमाटलोज' म्हणत. 1850 च्या कायद्यानं त्यांना जबरदस्तीनं एकेका गावाच्या गळ्यात बांधायचं ठरलं. त्यासाठी त्यांना बर्नला आणून कार्ल दुरहाइम नावाच्या छायाचित्रकाराकडून त्यांचे फोटो काढून घेतले. पोलिसांनी ओळख पटवण्यासाठी काढलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंत त्यांची गणना होते. नीटनेटके कपडे, खुर्चीवर बसलेल्या बायका-पुरुष, आणि डोळ्यांत संशय. हाइमाटवरच्या हळव्या ग्रंथांमध्ये हे फोटो क्वचितच छापलेले दिसतात. स्विस पासपोर्टवर आजही जन्मगाव नसतं, 'हाइमाटऑर्ट' असतं: पूर्वजांचं नाव ज्या गावच्या वहीत होतं ते गाव. ते पाहिलेलंसुद्धा नाही असे स्विस नागरिक पुष्कळ.

म्हणजे आधी सातबारा आणि शिधापत्रिका, गाणं मागाहून. रेल्वे आली, कारखाने आले, माणसं रूरच्या खाणींकडे आणि बर्लिनकडे निघाली, गावच्या हक्काला किंमत उरेना, तेव्हा हाइमाट कागदावरून उठून काळजात जाऊन बसली.

काळजातली ती कळ मात्र जुनी, आणि तिची एक जुनी नोंद वैद्याच्या हातची आहे. 1688 मध्ये बाझेलच्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात 'हाइमवेह' या लोकांच्या तोंडच्या शब्दाला ग्रीक नाव दिलं: नॉस्टॅल्जिया. त्याच्या लेखी तो रीतसर आजार होता. ताप, झोप उडणं, अन्न न जाणं, आणि एकच खात्रीचा उपाय, रोग्याला घरी धाडणं. जवळजवळ दोनशे वर्षांनी, 1880 मध्ये, योहाना श्पिरीनं याच निदानावर 'हायडी' उभी केली. फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात ठेवलेली डोंगरातली पोर रात्री झोपेत चालू लागते, नोकरांना वाटतं भूत आहे, आणि डॉक्टर औषध लिहून देतात ते आल्प्सच्या परतीच्या प्रवासाचं. जगभरच्या मुलांना ही गोष्ट गोड वाटली. मला ती फ्रँकफुर्टवरची फिर्याद वाटते.

रोमँटिक कवींनी ही कळ आजारातून सोडवून स्वभाव करून टाकली. यातला खरा उस्ताद योझेफ फॉन आयशेनडॉर्फ. 1788 मध्ये वरच्या सायलेशियातल्या लुबोवित्सच्या वाड्यात जन्म. पुढे कर्जापायी वतन गेलं, आणि तो आयुष्यभर डान्झिग, क्योनिग्सबेर्ग, बर्लिन असा प्रशियन सरकारच्या कचेऱ्यांतून फिरत राहिला. त्याच्या कवितेतली जंगलं, कारंजी, रात्रीचा रानातला खळखळाट हे सगळं त्या गेलेल्या वाड्याभोवतीचं. शूमानसारख्या संगीतकारांनी त्याला चाली दिल्या आणि जर्मन मध्यमवर्गानं त्या पियानोवर गायल्या. ज्यांचा वाडा कधी नव्हताच तेही वाडा गमावल्याच्या सुरात गाऊ लागले! त्या वाड्याचे आज पोलंडमध्ये भग्नावशेष आहेत.

याकोब ग्रिमचा किस्साही इथेच सांगायला हवा. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला हा थोरला. 1830 मध्ये ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून रुजू होताना त्यानं पहिलं व्याख्यान दिलं ते मायदेशाच्या ओढीवर, आणि तेही लॅटिनमध्ये. त्याची ओढ होती हेस्सेची, म्हणजे शेजारच्याच राज्याची. सातच वर्षांनी, राजानं राज्यघटना गुंडाळली म्हणून निषेधपत्रावर सही केल्याबद्दल, त्याला तीन दिवसांत हानोफरचं राज्य सोडावं लागलं. गेला तो पुन्हा हेस्सेत, कासेलला. हाकलल्यामुळे घरी पोहोचलेला हा एकमेव माणूस नसावा, पण सर्वांत विद्वान नक्कीच.

पुढचं शतक उजाडताना हाइमाटची चळवळ झाली. 1904 मध्ये ड्रेस्डेनला हाइमाट-रक्षणाचा संघ स्थापन झाला. कारखान्यांची धुराडी, जाहिरातींचे फलक, नद्यांवरची धरणं, शहरी थाटाची बेढब घरं यांविरुद्ध त्याचं म्हणणं होतं. त्यांतलं बरंचसं आज कुठल्याही पर्यावरणवाद्याला पटेल. शाळेत 'हाइमाटकुंडे' हा विषय आला: आधी आपला ओढा, आपली टेकडी, मग जग. अध्यापन म्हणून हेही उत्तमच. पण संघाचा पहिला अध्यक्ष वास्तुकार पाउल शुल्ट्से-नाउमबुर्ग उतरत्या छपरांच्या घरांपासून सुरुवात करून 1928 मध्ये 'कला आणि वंश' या पुस्तकापर्यंत पोहोचला, आणि तिथून नाझी पक्षात. छपराच्या उतारावरून माणसाच्या कवटीपर्यंत जायला त्याला फार वेळ लागला नाही. ही वाट अटळ होती असं मी म्हणणार नाही. 1929 मध्ये कुर्ट टुखोल्स्कीनं जर्मन लष्करशहा, न्यायाधीश आणि भांडवलदारांची यथेच्छ खिल्ली उडवणारं पुस्तक काढलं आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणाला नाव दिलं 'हाइमाट'. तिथे हा जन्माचा टवाळखोर एकदम गंभीर होतो आणि हा देश आमचाही आहे असं बजावतो. ऑगस्ट 1933 मध्ये नाझी सरकारनं नागरिकत्व काढून घेतलेल्यांची पहिली यादी जाहीर केली. तिच्यात 33 नावं होती. टुखोल्स्की, हाइनरिख मान, लिओन फॉइश्टवांगर ही त्यांतली तीन. गावच्या वहीतून नाव खोडायची जुनी रीत आता सरकारी राजपत्रातून चालू झाली.

इथून पुढे हाइमाटबद्दलचं उत्तम जर्मन लेखन बहुतेक वहीबाहेरच्यांनी केलेलं आहे. हाइनरिख हाइनेनं ही सुरुवात आधीच करून ठेवली होती. 1831 पासून मरेपर्यंत तो पॅरिसात राहिला, आणि ज्यूंनी बायबल हीच बरोबर नेता येणारी मायभूमी केली अशा अर्थाचं लिहून गेला. चेर्नोवित्सची रोझे आउसलेंडर पितृभूमी मेल्यावर शब्दालाच मातृभूमी म्हणाली. कोलोनच्या ज्यू घरात जन्मलेली हिल्डे लोव्हनश्टाइन पळत पळत डोमिनिकन प्रजासत्ताकात पोहोचली, तिथे कविता लिहू लागली आणि आसरा देणाऱ्या बेटावरून तिनं आपलं आडनावच 'डोमिन' करून घेतलं. एर्न्स्ट ब्लॉखनं अमेरिकेतल्या निर्वासनात 'आशेचं तत्त्व' हा अवाढव्य ग्रंथ लिहायला घेतला. त्याचा अगदी शेवटचा शब्द हाइमाट आहे. ब्लॉखच्या लेखी ती मागे राहिलेली जागा नाहीच. बालपणी तिची झलक दिसते, पण तिथे अजून कुणी पोहोचलेलं नाही.

ब्लॉखचं हे मोठंच आहे, पण मला जास्त पटतो तो त्याला छेद देणारा जाँ आमेरी. मूळचा हान्स मायर, जन्म व्हिएन्नाचा, वाढला ऑस्ट्रियाच्या डोंगरगावांत, तिथलीच बोली बोलत. हिटलरच्या कायद्यानं त्याला सांगितलं की तू ज्यू आहेस, या बोलीवर आणि या डोंगरांवर तुझा हक्क नाही. बेल्जियमला पळाला, प्रतिकारात शिरला, पकडला गेला, छळ सोसून आउश्विट्सहून जगून परतला. नावाची अक्षरं उलटसुलट करून त्यानं फ्रेंच नाव घेतलं, लिहिलं मात्र जर्मनमध्येच. माणसाला हाइमाट किती लागते, या प्रश्नावर त्याचा निबंध 1966 च्या पुस्तकात आहे. त्यात तो बेल्जियममधल्या एका दुपारची हकिगत सांगतो. प्रतिकाराची पत्रकं छापणाऱ्यांचा गट एका खोलीत जमला होता. खालच्या मजल्यावर राहणारा एसएसचा माणूस, गोंगाटानं झोपमोड झाली म्हणून, बटणं उघडी टाकून दारात येऊन ओरडला. तो ओरडला ते आमेरीच्या मुलखातल्या बोलीत. कित्येक वर्षांत ती कानावर पडली नव्हती. भीतीनं हातपाय गळाले असताना याला ऊर्मी आली ती त्याच बोलीत उत्तर द्यायची, जिव्हाळ्यानं. यानं फ्रेंचमधून काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि त्या क्षणी त्याला कळलं की त्याची हाइमाट त्याची शत्रू झाली आहे. घराची ओढ आणि घराचा तिरस्कार यांची इतकी घट्ट गाठ मी दुसरीकडे वाचलेली नाही. आमेरी पुढे म्हणतो की हाइमाटची गरज नाही असं म्हणण्याची चैन घर शाबूत असणाऱ्यालाच परवडते. पैसा किंवा कीर्ती बरोबर नेता येते त्याचं एकवेळ भागतं, बाकीच्यांचं नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा कागदांवर आणि मालमत्तेवर आला. 1978 मध्ये त्यानं साल्झबुर्गच्या हॉटेलात आत्महत्या केली.

युद्धानंतर लोंढा उलट्या दिशेनं वाहिला. सायलेशिया, पूर्व प्रशिया, पोमेरानिया, सुडेटनलांड इथून सुमारे 1 कोटी 20 लाख जर्मन पळाले किंवा हाकलले गेले. 1950 मध्ये त्यांच्या संघटनांनी श्टुटगार्टला सनद जाहीर केली आणि हाइमाटचा हक्क हा ईश्वरदत्त मूलभूत हक्क मानावा असा आग्रह धरला. कुणामुळे हे सगळं ओढवलं याबद्दल त्या सनदेत मौन आहे. पूर्व जर्मनीनं तर शब्दच बदलला: तिथे हे लोक 'हाकललेले' नव्हते, 'स्थलांतरित' होते, कारण हाकलणारा सोव्हिएत मित्र होता. म्हणून लेखिका क्रिस्टा वोल्फला 1971 मध्ये आपल्या जन्मगावी, आता पोलिश झालेल्या लांड्सबेर्गला, जाऊन आल्यावर त्याबद्दल लिहिताना स्वतःच्या बालपणीच्या त्या पोरीला 'मी' म्हणवेना. ती तिला तृतीय पुरुषात लिहिते.

पश्चिमेकडे याच काळात 'हाइमाटफिल्म'चा सुकाळ झाला. ब्लॅक फॉरेस्टमधली कन्या, ल्युनेबुर्गचं फुललेलं हीथ, वनाधिकारी, गाणी, रंगीत फिल्म. समीक्षकांनी या प्रकाराला कायम नाकं मुरडली. पण 'ग्रून इस्ट डी हाइडे' या 1951 च्या चित्रपटात चोरून शिकार करणारा म्हातारा कोण आहे? पूर्वेकडून हाकललेला जमीनदार. पूर्वी स्वतःच्या रानात शिकार करायचा, आता परक्या रानात तीच गोष्ट गुन्हा ठरते. प्रेक्षागृहात असे हजारो बसलेले असणार. गोड सिनेमात एवढं खरं पुष्कळ झालं.

या विषयावरची माझी आवडती कादंबरी जिगफ्रीड लेन्झची, 1978 ची 'हाइमाटमुझेउम'. नायक झिगमुंट रोगाला हा पूर्व प्रशियातल्या माझुरियाचा विणकर. त्याच्या काल्पनिक गावाचं नाव जर्मन अक्षरांत अगदी आपल्या लखनौसारखं दिसतं. युद्धात होतं नव्हतं ते सोडून पळताना तो काकांच्या संग्रहालयातल्या वस्तू वाचवतो: गालिचे, अवजारं, जुन्या नोंदी. पश्चिमेत नवं संग्रहालय उभारतो. आणि मग एक दिवस ते स्वतः पेटवून देतो. का, हे तो इस्पितळात भाजलेल्या अंगानं सातशेच्या आसपास पानं सांगत राहतो. हाइमाटवाल्या संघटनेत जुना नाझी अध्यक्ष होऊ घातला आहे. माझुरियात पोलिशही होते हे दाखवणाऱ्या वस्तू त्या मंडळींना नको आहेत. खोट्या हाती पडण्यापेक्षा राख बरी. गंमत अशी की वस्तू जळतात आणि कादंबरी त्या एकेक करून पुन्हा सांगून ठेवते.

ऑस्ट्रियात विरोध जास्त कडवट होता, कारण गोडवाही जास्त होता. पर्यटनाच्या जाहिरातीतलं शेतघर आतून कसं असतं हे 1974 मध्ये फ्रान्झ इनरहोफरनं 'शोने टागे' म्हणजे 'छान दिवस' या कादंबरीत सांगितलं. अनौरस मुलगा सहाव्या वर्षी बापाच्या शेतावर आणला जातो आणि बाप त्याला गड्यासारखा राबवतो, मारतो. घर बापाचं, हाइमाट बापाची, पोराच्या वाट्याला गोठा. वतनाच्या खालच्या पायरीवरून लिहिलेलं असं पुस्तक मराठी वाचकाला परकं वाटणार नाही. टोमास बेर्नहार्ड, एल्फ्रिडे येलिनेक यांनी पुढे रागाची ही कला फारच वर नेली. अशांसाठी जर्मनमध्ये ठेवणीतली शिवी आहे: स्वतःचं घरटं घाण करणारा. बेर्नहार्ड तर मृत्युपत्रात ऑस्ट्रियात आपलं काही छापायचं, खेळायचं नाही असं लिहून 1989 मध्ये वारला.

रागही नको आणि गोडवाही नको, असा प्रयत्न एडगर राइट्सनं पडद्यावर केला. 1979 मध्ये 'होलोकॉस्ट' ही अमेरिकन मालिका जर्मन टीव्हीवर दाखवली गेली, तेव्हा आपला इतिहास हॉलिवूडनं पळवला असं वाटून तो चिडला. 1984 मध्ये त्याची 11 भागांची, 15 तासांहून लांब 'हाइमाट' आली: हुन्सर्युकच्या डोंगरात शाबाख हे काल्पनिक गाव, एक लोहारघर, 1919 ते 1982. सुरुवातीला त्या घरचा मुलगा पाउल युद्धावरून चालत घरी येतो, आणि 1928 मध्ये तसाच एक दिवस कुणाला काही न बोलता चालत निघून जातो. येतो तो दुसरं महायुद्ध संपल्यावर, अमेरिकन कारखानदार होऊन, मोटारीतून. त्याची बायको मारिया मात्र जागेवर आहे. हाइमाट म्हणजे बाईचं थांबणं आणि पुरुषाचं निघून जाणं, हे राइट्सनं ठरवून दाखवलं की नकळत दाखवलं गेलं, सांगता येत नाही. ज्यूंचं काय झालं हे या गावाला जवळपास ऐकूच येत नाही, हा त्याच्यावरचा आक्षेप तेव्हाही झाला आणि मला तो रास्त वाटतो. तरी ती मालिका सोडवत नाही.

1961 मध्ये तुर्कस्तानाशी कामगारांचा करार झाला आणि नवं जर्मन साहित्य कारखान्यांच्या वसतिगृहांतून आलं. एमिने सेवगी ओझदामार 1965 मध्ये बर्लिनला टेलिफुंकेनच्या कारखान्यात कामाला आली. 1990 च्या 'मुटरझुंगे'त तिची निवेदिका मातृभाषा कुठे हरवली याचा शोध घेत अरबी लिपी शिकू लागते, कारण 1928 मध्ये तुर्कस्तानानं लिपी बदलली आणि आजोबांचं लिहिलेलं नातीला वाचता येईनासं झालं. घरातल्या ट्रंकेत मोडी कागद असलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. 2022 मध्ये तिला ब्युखनर पुरस्कार मिळाला, जर्मन साहित्यातला सर्वांत मानाचा.

हेर्टा म्युलर उलट बाजूची. जन्मापासून जर्मनभाषक, पण रुमानियाच्या बानात प्रांतातल्या निट्स्कीडोर्फ गावची. तिनं गावातलं मौन, दारू आणि नाझी भूतकाळ लिहिला तेव्हा तिच्याच बानात-जर्मनांनी तिला घरटं घाण करणारी ठरवलं. दुसरीकडे रुमानियाचे गुप्तपोलीस मागे होतेच. 1987 मध्ये जर्मनीत आली, 2009 मध्ये नोबेल मिळालं. हाइमाट हा शब्द ती वापरत नाही: तिच्या मते त्याचे दोन मालक होते, गावातले पोल्का नाचणारे आणि पक्षाचे अधिकारी. भाषा हीच हाइमाट हे सुभाषितही तिला मान्य नाही. भाषेत काय बोललं जातं ते महत्त्वाचं, हा लेखक होर्खे सेम्प्रुनचा मुद्दा ती पुढे नेते. हुकूमशहाही आपलीच भाषा बोलतो.

पूर्व बर्लिनमध्ये वाढलेल्या येनी एर्पेनबेकनं 2008 च्या 'हाइमझूखुंग'मध्ये माणसांऐवजी घरालाच केंद्र केलं. नावातच श्लेष आहे: घर शोधणं, आणि अरिष्ट कोसळणं. ब्रांडेनबुर्गमधल्या तळ्याकाठचं एक घर. शेजारच्या ज्यू कुटुंबाची जमीन वास्तुकार निम्म्या किमतीत घेतो. तोच वास्तुकार पुढे पूर्व जर्मनीतून पळतो. सोव्हिएत निर्वासनातून परतलेली लेखिका तिथे राहते. भिंत पडल्यावर वारसांचे दावे येतात. मधून मधून एक माळी अबोलपणे झाडं लावतो, कलमं करतो, आणि एक दिवस दिसेनासा होतो. शेवटी घर पाडतात. जेमतेम दोनशे पानांत जर्मन मालमत्तेचं शतक.

2019 साली फात्मा आयदेमिर आणि हेंगामे याघूबीफाराह यांनी एक निबंधसंग्रह संपादित केला. त्याचं नाव 'तुमची हाइमाट हे आमचं दुःस्वप्न' अशा अर्थाचं होतं, आणि रोख वर्षभरापूर्वीच्या मंत्रालयाच्या पाटीवर होता. त्याच वर्षीचा जर्मन बुक प्राइझ मिळाला साशा स्टानिशिचच्या 'हेरकुन्फ्ट'ला, म्हणजे 'मूळ'ला. 1992 मध्ये, 14 वर्षांचा असताना, तो बोस्नियातल्या विशेग्राडहून हायडेलबेर्गला आला. तिथे निर्वासितांच्या, कामगारांच्या पोरांचं एकत्र येण्याचं ठिकाण म्हणजे वस्तीतला आरालचा पेट्रोल पंप. तो त्यावर इतक्या प्रेमानं लिहितो की आयशेनडॉर्फला हेवा वाटावा. विद्यार्थी म्हणून त्याला राहू दिलं, आईवडिलांना 1998 मध्ये देश सोडून अमेरिकेला जावं लागलं. पुढे नागरिकत्वासाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीनं त्याच्याकडे स्वहस्ते लिहिलेला जीवनवृत्तान्त मागितला. तो लिहायला बसला आणि जन्मतारखेच्या पुढे सरकेना. सगळं पुस्तक त्या अडकलेल्या अर्जातून निघालं आहे. विशेग्राडची आजी तोवर विसरू लागली आहे. सत्त्याऐंशीव्या वर्षी तिला सज्जातून खाली रस्त्यावर अकरा वर्षांची एक मुलगी दिसते, ती स्वतःच. शेवटचा भाग स्टानिशिच मुलांच्या खेळातल्या पुस्तकांसारखा वाचकावर सोपवतो, प्रत्येक वळणावर पर्याय देत. आजीला वृद्धाश्रमात झोपू द्यायचं असेल तर एक पान उलटा. तिला उठवून डोंगरातल्या ओस्कोरुशा गावी घेऊन जायचं असेल तर दुसरं. त्या गावात आता जेमतेम हातावर मोजण्याइतकी माणसं उरली आहेत. स्मशानातल्या दगडांवर मात्र जिकडे पाहावं तिकडे त्यांचंच आडनाव आहे.